ताईंनी मान डोलावली

दुसरं रीळ संपत आलं होतं आणि माजी बांधकाममंत्री अजून स्वतःच्या पहिलीच्या वर्गातच बसून होते.

"...तर आमचे गुरुजी मला म्हणाले, बाळ, तू मोठेपणी मोठमोठ्या इमारती बांधशील. तेव्हा मी एवढासा होतो, ताई. एवढासा!" त्यांनी हात खाली नेऊन सोफ्याच्या पायाशी धरला.

ताईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. प्रश्न विचारून एकोणीस मिनिटं झाली होती. प्रश्न असा होता : स्टेडियमच्या पूर्व गॅलरीचं कुलूप उघडायला कोणी सांगितलं?

त्या काळी टीव्हीवर रंग नव्हते. बाहेर जाऊन मुलाखत घ्यायची तर एकच कॅमेरा मिळायचा, आणि त्यातलं फिल्मचं रीळ दहा मिनिटांत संपायचं. टीव्ही केंद्राने पाच रिळं दिली होती. दोन तर गुरुजींनीच खाल्ली.

"रीळ बदलतो," कॅमेरामन म्हणाला. त्याला सगळे दाढी म्हणत, कारण ओळख सांगण्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नसे.

"सावकाश बदला," माजी मंत्री प्रसन्नपणे म्हणाले. "ताई, चहा घेणार? तुमचा आवाज बसलाय थोडा."

"आवाज ठीक आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "बसलंय ते दुसरंच काहीतरी."

कोपऱ्यात टेप रेकॉर्डरसमोर कानाला यंत्र लावून बसलेला ध्वनिमुद्रक खुदकन हसला. त्याचं टोपणनाव कानोबा. तो हसला की टेपवरची सुई उडायची, म्हणून ताईंनी त्याच्याकडे डोळे वटारले.

ताईंना सगळा देश ओळखत होता. अकरा वर्षं त्या मुलांसाठी 'असं का?' नावाचा कार्यक्रम करत होत्या. आकाश निळं का, मांजर उंचावरून पडलं तरी पायांवरच का उतरतं, जांभई एकाने दिली की दुसऱ्याला का येते. रस्त्यात पोरं त्यांना 'असं-का ताई' म्हणून हाक मारत, आणि पोरांचे आईबापही. आजवर कुठल्या पुढाऱ्याला त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता. पण माजी मंत्र्यांनीच अट घातली होती : मुलाखत देईन, पण ताईंनाच. "लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले होते. केंद्रातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. अंगावरचा डाग धुवायचा तर साबण चांगला हवा.

ताई नाहीच म्हणणार होत्या. पण केंद्राच्या फाटकाशी एक बाई उभी असायची. तीन दिवस ताईंनी तिला येता-जाता पाहिलं. चौथ्या दिवशी ती बाई आडवी आली.

डागाची हकिगत अशी. सात महिन्यांपूर्वी स्टेडियमच्या पूर्व गॅलरीला तडे गेले होते. तिथल्या उपअभियंत्याने लेखी कळवून ती गॅलरी बंद केली आणि फाटकाला कुलूप लावलं. अंतिम सामन्याच्या दिवशी बाहेर गर्दी मावेना, तेव्हा कुणाचा तरी फोन आला आणि कुलूप उघडलं. उत्तरार्ध सुरू झाला आणि गॅलरी खाली आली. सतरा माणसं गेली. मंत्र्यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला, हार घालून घेतले आणि घरी बसले. उपअभियंत्याला मात्र पोलिसांनी उचललं. तो म्हणत होता, फोन खुद्द मंत्र्यांचा होता. पण फोनला ना सही असते ना शिक्का. सोमवारी त्याची सुनावणी होती, आणि फाटकाशी उभी असलेली बाई त्याची बायको होती.

"मला दुसरं काही नको," ती म्हणाली होती. "एवढं एक विचारा त्यांना. कुणी सांगितलं म्हणावं."

"आणि ते खोटं बोलले तर?"

"बोलू देत की. पण तोंड उघडून बोलू देत. आजवर त्यांना कुणी समोर बसवून विचारलंसुद्धा नाही हो."

म्हणून आज शुक्रवारी सकाळी ताई या दिवाणखान्यात बसल्या होत्या. आणि गुरुजींची गोष्ट ऐकत होत्या.

तिसरं रीळ लागलं. दाढीने पाटी समोर धरून टाळी वाजवली. ही टाळी कशाला, तेही सांगायला हवं. चित्र फिल्मवर उतरतं आणि आवाज वेगळ्या टेपवर. नंतर दोन्ही जुळवताना पाटी मिटल्याचं चित्र आणि 'टक्' हा आवाज एकमेकांवर बसवले, की पुढचं सगळं बिनचूक जुळतं.

टक्.

"साहेब," ताई म्हणाल्या, "मी प्रश्न सोपा करते. फाटकाला कुलूप होतं. ते उघडलं. स्वतःहून उघडलं का?"

"कुलूप ही वस्तू आहे, ताई. प्रश्न व्यवस्थेचा आहे."

"व्यवस्थेला हात असतात का?"

"वा! फार चांगला प्रश्न. आपल्याकडे अशा प्रश्नांची परंपराच राहिली नाही. मी मंत्री होण्याच्या आधीची गोष्ट सांगतो—"

"आधीची नको. त्या दिवशीची. दुपारी दोन वाजताची."

"दोनची ना? दोनला मी जेवत होतो. जेवणावरून आठवलं, आमच्या आईचा एक नियम होता..."

आईच्या नियमाला सहा मिनिटं लागली.

ताईंनी आयुष्यभर मुलांना बोलतं केलं होतं. लाजणारी, रडणारी, नाकात बोट घालून बसणारी, विचारलं काय आणि सांगितलं काय अशी शेकडो मुलं त्यांनी पाहिली होती आणि एकदाही त्यांचा संयम सुटला नव्हता. मूल भरकटतं तेव्हा त्याला खरंच दुसरं काहीतरी आठवलेलं असतं. समोरच्या माणसाला मात्र सगळं व्यवस्थित आठवत होतं. प्रश्न आला की तो बाजूला कसा होतो, हे पाहायला त्याला मजा येत होती. त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला, तुकडे करून विचारला, आणि एकदा तर "मला समजलं नाही, पुन्हा सांगा" असं, मुलांपुढे कधी फुकट न गेलेलं वाक्य वापरलं. माजी मंत्र्यांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. गुरुजींसकट.

चौथं रीळ संपलं तेव्हा ताईंच्या कपाळावरची शीर उडत होती.

"झालं?" माजी मंत्री उठून आळस देत म्हणाले. "बरी झाली ना? जुन्या आठवणी फार छान निघाल्या."

"छानच," ताई म्हणाल्या. त्यांनी हात टेकले होते. "आता फक्त माझे प्रश्न घ्यायचे राहिलेत. तुम्ही कॅमेऱ्याशेजारी बसाल का? माझी नजर जागेवर राहते."

कॅमेरा एकच असला की ही आणखी एक कसरत करावी लागते. आधी सगळा वेळ तो पाहुण्यावर रोखलेला असतो. पाहुण्याचं बोलणं झालं, की कॅमेरा उचलून उलट्या बाजूला ठेवतात आणि मुलाखत घेणारा तेच प्रश्न कॅमेऱ्यासमोर पुन्हा विचारतो. शिवाय मधूनमधून मान डोलावतो. उत्तर ऐकतो आहे असं ते चित्र, लांबलेलं उत्तर कापलं की तिथे जोडायला कामी येतं. पाहणाऱ्याला वाटतं, दोघं समोरासमोर बोलताहेत. ताईंची मान या कामात तयार झालेली होती. मनात एक, दोन, तीन म्हणायचं, प्रत्येक आकड्याला एकदा हळू डोलवायची आणि ओठांवर अगदी थोडं हसू ठेवायचं. डोक्यात घरच्या किराणाची यादी चालू असली तरी मान चुकत नसे.

माजी मंत्र्यांना ही पद्धत माहीत होती. मंत्रिपदी असताना त्यांनी बातमीवाल्यांना वीस-वीस मुलाखती दिल्या होत्या. त्यांनी गळ्यातला माईक काढून समोरच्या तिपाईवर ठेवला, चपला काढल्या, चहाचा कप हातात घेतला आणि कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीत पाय दुमडून बसले. बातमीवाले या वेळी पाहुण्याचा आवाज बंद करतात. चित्रात नसलेल्या माणसाचा आवाज टेपवर कशाला घ्यायचा?

पण हे बातमीवाले नव्हते. ही 'असं का?'वाली मंडळी होती. मुलांची गंमत अशी, की कॅमेरा अंगावर असेपर्यंत ती पाठ केलेलं बोलतात, आणि तो पलीकडे वळला की सुटकेचा श्वास टाकून खरं काय ते सांगतात. मांजराच्या भागातलं सगळ्यात गोड उत्तर असंच मिळालं होतं. तेव्हापासून कानोबा दोन्ही माईक शेवटपर्यंत चालू ठेवायचा. सांगायची गरजच नव्हती. आजही त्याने ते चालूच ठेवले. कुणी मुद्दाम ठरवून केलं असतं तर बहुधा काहीतरी चुकलं असतं.

टक्.

"तुमचं बालपण कसं गेलं?" ताईंनी कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं.

"उपाशी," माजी मंत्री चहा ढवळत म्हणाले. "पण खोटं नाही हो बोललो मघाशी. गुरुजी होते. इमारतीचं तेवढं मी जोडलं."

एक, दोन, तीन. ताईंनी मान डोलावली.

"राजीनामा देताना तुमच्या मनात काय होतं?"

"सहा महिन्यांत परत येईन, हे होतं." चमचा कपावर वाजला. "तुमच्या कृपेने येईनही."

एक, दोन, तीन.

"पूर्व गॅलरीचं कुलूप उघडायला कोणी सांगितलं?"

"काय ताई तुम्ही पण! मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? बाहेर पाच हजार लोक बोंबलत होते, आत माझा भाऊ पाहुण्यांना घेऊन बसलेला. तो इंजिनिअर फोनवर रडकुंडीला आला, साहेब लेखी द्या म्हणाला. मी म्हटलं, लेखी हवं तर उद्या तुझ्या नोकरीचाच कागद लेखी देतो. उघडलं मग, दोन मिनिटांत! लोक उगाच म्हणतात सरकारी कामं हळू होतात."

एक. दोन. तीन.

ताईंनी मान डोलावली. तीनदा, हळू, ओठांवर थोडं हसू ठेवून. कानांनी ऐकलं होतं, पण मानेपर्यंत ते पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा मान तिसऱ्यांदा खाली जाऊन वर येत होती.

कॅमेरा तेवढा घरघरत होता. कानोबाने कानावरचं यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि त्याचे डोळे खोबणीतून बाहेर आले होते.

ताईंपुढे क्षणभर दोन वाटा होत्या. गप्प बसावं, सामान आवरावं, निघून जावं. पण मुलांच्या बाबतीतही त्यांचा एक रिवाज होता. कॅमेरा पलीकडे वळल्यावर मूल जे बोलेल, ते त्याला सांगितल्याशिवाय वापरायचं नाही. हे मूल पासष्ट वर्षांचं होतं आणि त्याला कान धरून उभं करावंसं वाटत होतं, तरी त्या म्हणाल्या,

"साहेब, तुमचा तिपाईवरचा माईक चालू आहे. तुम्ही आत्ता जे बोललात ते टेपवर आलंय. मी ते दाखवणार आहे."

माजी मंत्र्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. दाराशी उभा असलेला त्यांचा सचिव टेप रेकॉर्डरकडे धावला. कानोबाने यंत्राला दोन्ही हातांनी मिठी मारली. "हात लावायचा नाही! सरकारी मालमत्ता आहे!" तो ओरडला. त्या घरात हे वाक्य वर्षानुवर्षं दुसऱ्याच लोकांना ऐकवलं गेलं असावं, कारण सचिव सवयीने थबकला.

"थांब रे," माजी मंत्री सचिवाला म्हणाले. त्यांचा श्वास पुन्हा जागेवर आला होता, आणि मग ते चक्क हसले. "दाखवा, ताई. खुशाल दाखवा. पण चित्र कुणाचं दाखवणार? मी चित्रात नाही. चित्रात तुम्ही आहात. आणि तुम्ही काय करताय?" त्यांनी मान हळूच तीनदा डोलावली, ओठांवर थोडं हसू ठेवून. नक्कल हुबेहूब होती. "सतरा माणसं मेलेली, आणि देशाची लाडकी ताई म्हणतेय, हो हो, बरोबर, छान. मी सांगेन की आपलं आधीच ठरलं होतं, मी थट्टा करत होतो. नाहीतर ताई हसल्या कशाला असत्या?"

ताईंनी दाढीला कॅमेरा बंद करायची खूण केली.

शनिवारी सकाळी केंद्रात फिल्म धुऊन आली. संकलनाच्या छोट्या खोलीत संचालक, दाढी, कानोबा आणि ताई दाटीवाटीने बसले. टक् वर टक् बसवली. पडद्यावर ताई आल्या, मागून माजी मंत्र्यांचा आवाज आला, चमचा वाजला, आणि ताईंनी मान डोलावली.

"अरे देवा," संचालक म्हणाले.

ताईंना वाटलं होतं, तेवढं वाईट दिसणार नाही. त्याहून वाईट दिसत होतं. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, जणू कुणी सातचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला होता.

"मानेला कुणी सांगितलं होतं हलायला?" त्या स्वतःवरच चिडून म्हणाल्या.

"अहो, चिडताय कशाला? पाच मिनिटांचं काम आहे," संचालक म्हणाले. "कालचेच कपडे घाला, तशीच खुर्ची, मागे तसाच पडदा. चेहरा गंभीर ठेवा. ते चित्र आवाजावर लावून टाकू. नाहीतरी या माना खोट्याच असतात ना? एक खोटी काढायची, दुसरी घालायची."

यात चुकीचं काय ते ताईंना लगेच सांगता येईना. त्या जाऊन कपडे बदलून आल्या आणि खुर्चीत बसल्या. कानोबाने टेप लावली. "मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार?" ताईंनी भुवया वर नेल्या, ओठ घट्ट केले, डोळ्यांत धक्का आणला.

"फार छान," दाढी कॅमेऱ्यामागून म्हणाला. "फक्त धक्का थोडा उशिरा येऊ द्या. आधी ऐकलंत, मग कळलं, मग धक्का. अगदी खरं वाटेल."

ताई खुर्चीतून उठल्या.

"नको."

"अहो, आत्ता तर जमत आलं होतं!"

"म्हणूनच नको." त्या संचालकांकडे वळल्या. "हे बघा, साहेब. त्या माणसाचा आवाज खरा आहे हे कशावरून कळतं? त्याच्या आधी माझा प्रश्न आहे, माझ्या ओठांवर तो जुळतो, त्याच्या आधी पाटी आहे, आणि पाटीपासून त्या चमच्यापर्यंत फिल्म कुठेही कापलेली नाही. ती कापून मी नवं तोंड चिकटवलं, तर त्यांचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल : तोंड बदललंत, मग आवाजही कशावरून बदलला नाही? आणि त्याला मी काय सांगू? की एवढं एकच खोटं आहे, बाकी सगळं खरं?"

"वकिलांचं सोडा. लोकांचं काय? लोक तुम्हाला शिव्या घालतील."

"घालतील."

"मुलांचा कार्यक्रम बंद करावा लागेल कदाचित."

हे ताईंना लागलं. पण कोठडीत असलेला तो उपअभियंता त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. त्याच्याकडे ना सही होती ना शिक्का. असलीच तर ही एवढी सलग फिल्म होती.

"निदान सुरुवातीला मला दोन वाक्यं बोलू द्या," त्या म्हणाल्या. "मान का हलते ते सांगते. मुलांना सांगतात तसं."

"आता ते मात्र नाही हं!" संचालकांचाही संयम संपला होता. "आधी चूक दाखवायची आणि वर तिची शिकवणी घ्यायची? लोकांना वाटेल सारवासारव चाललीय. दाखवायचं तर जसंच्या तसं दाखवू. नाहीतर माझी पाच मिनिटांची सूचना आहेच."

"जसंच्या तसं," ताई म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी साडेसातला ताईंच्या घरी शेजारपाजारचे चौदा जण जमले, कारण त्या गल्लीत टीव्ही तेवढा एकच होता. सासूबाई पुढच्या खुर्चीत. गुरुजी आले, आईचा नियम आला. लोक कंटाळून चुळबुळ करू लागले. "बोलतो बाकी गोड," शेजारचे काका म्हणाले. मग पाटी आली, टक् झालं आणि प्रश्न आला. पाठोपाठ उत्तर आलं.

खोलीतल्या सगळ्यांचा श्वास एकदम थांबला. पडद्यावरच्या ताईंनी तीनदा मान डोलावली.

आणि चौदाच्या चौदा माणसांनी वळून खोलीतल्या ताईंकडे पाहिलं.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "माणूस कबूल झाला ते राहू दे. पण तू मान कशाला डोलवत होतीस?"

"आई, तो कॅमेरा एकच असतो..."

"एक असो नाहीतर दहा. मान तुझी होती ना?"

फोन वाजायला लागला. पहिला मामांचा. "बाकी ठीक होतं, पण मान..." दुसरा शाळेतल्या मैत्रिणीचा. तिसऱ्याने नाव न सांगता तीन शब्द उच्चारले, त्यांतले दोन ताईंनी आयुष्यात प्रथमच ऐकले. आठ फोनांनंतर नवऱ्याने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि म्हणाला, "एक विचारू? रागावणार नसशील तर."

"विचारू नका," ताई म्हणाल्या.

सोमवारी फिल्म आणि टेप दोन्ही न्यायालयाने मागवून घेतली. साक्षीला ताईंना बोलावलं. न्यायमूर्ती वयस्कर होते, कानावर हात धरून ऐकत. त्यांना ताईंनी एक कॅमेरा, दोन बाजू, पाटी आणि टाळी हे सगळं समजावून सांगितलं. माजी मंत्र्यांचे वकील म्हणाले, "म्हणजे आपण ऐकत नसतानाही ऐकल्यासारखं करता?" ताई म्हणाल्या, "हो." "आणि पटलं नसताना पटल्यासारखं?" "हो." "मग आपल्या कुठल्या मानेवर विश्वास ठेवायचा?"

"माझ्या मानेवर ठेवूच नका," ताई वैतागून म्हणाल्या. "मान काहीच सांगत नाही. ती घरून शिकून आलेली आहे. तुम्ही त्यांचा आवाज ऐका. फोनवर माणूस रडत होता, हे मी विचारलं नव्हतं. लेखी मागत होता, हेही नाही. हे त्यांनी आपणहून सांगितलं. मला सुचलं असतं तर चार रिळं गुरुजींवर घालवली असती का?"

न्यायमूर्तींनी टेप तीनदा लावायला सांगितली. चमच्याचा आवाज प्रत्येक वेळी आला.

पुढच्या दोन दिवसांत केंद्रात पत्रांची पोती आली. आईबापांची पत्रं, मास्तरांची पत्रं. एका शाळेने बक्षीस समारंभाचं आमंत्रण परत घेतलं. 'असं का?'ला 'काही काळ विश्रांती' देण्यात आल्याची सूचना फलकावर लागली. ती ज्या टाचणीने लावली होती ती टाचणी ताईंच्याच टेबलावरची होती. दाढीने काही न विचारता त्यांना चहा आणून दिला, हे त्यातल्या त्यात बरं. कानोबा मात्र म्हणालाच, "ताई, दुसऱ्या आकड्याला तरी थांबायला हवं होतं."

गुरुवारी त्या घरी निघाल्या, तर फाटकाशी ती बाई उभी होती. आज ती आडवी आली नाही, नुसतीच उभी राहिली.

"सुटले?" ताईंनी विचारलं.

"काल दुपारी. जामीन नाही, सोडलंच. त्यांच्यावरचं कलम काढलं. आता त्या साहेबांना बोलावलंय." ती एकेक वाक्य दचकत दचकत म्हणत होती, मोठ्याने म्हटलं तर परत जाईल की काय अशी. "आले, आंघोळ केली, आणि झोपलेत. कालपासून उठलेच नाहीत. मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिला."

"झोपू दे."

"झोपू देतेय." मग ती पदराशी चाळा करत घुटमळली. "ताई, तुमचे उपकार... म्हणजे तुम्ही केलंत ते... पण एक विचारायचं होतं. ह्यांनीही झोपायच्या आधी तेच विचारलं. राग नका मानू."

ताईंनी डोळे मिटले.

"तुम्ही मान का हो डोलवत होतात?"

रविवारपासून हा प्रश्न त्यांना कितव्यांदा विचारला गेला होता, याची गणती त्यांनी मंगळवारीच सोडून दिली होती. घशाशी आलेलं एक तिखट वाक्य त्यांनी गिळलं. बाईच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती. जे कळलं नाही ते विचारत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलणार नव्हती.

फाटकाजवळ एक सिमेंटचा कट्टा होता. ताई त्यावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ लागेल. त्याचं असं असतं, की कॅमेरा असतो एकच..."